नातवाच्या वजनाची पिशवी

अंगणवाडीच्या वजनकाट्याला दर महिन्याच्या पाच तारखेला आमच्या घरची दोन वजनं लागायची. आधी माझं पोरगं सुयश, मग आत्यांची वाळूची पिशवी. सुयश झोळीत पाय झाडून रडायचा. पिशवी गप्प लटकायची. अंगणवाडीच्या म्हाळसाबाई आकडा वाचायच्या आणि हसून म्हणायच्या, "नातू पाच किलो दोनशे, आजी दोन किलो. आजीबाई, तुमी कुपोषित हाय बरं का!"

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, ताईबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. वय पासष्टीचं. तरुणपणी त्यांनी डोक्यावरून काय वाहिलं नाही ते विचारावं. लोकांच्या रानातलं शेणखत, कालव्याच्या कामावरचा मुरूम, उसाच्या मोळ्या. दाराआडच्या खुंटीला त्यांची चुंबळ असायची, जुन्या लुगड्याची पिळून केलेली. माझे मालक पाटबंधारे खात्यात नोकरीला लागले. पहिला पगार झाला त्या दिवशी त्यांनी ती चुंबळ खुंटीवरून काढली आणि चुलीत घातली. म्हणाले, "आई, हितनं पुढं तुझ्या डोक्यावर फक्त पदर."

ही गोष्ट आमच्या कळस गावात सगळ्यांना ठाऊक होती. लग्न होऊन आले तेव्हा मलाही पहिल्याच आठवड्यात तीन जणींनी सांगितली. मग मीही तसंच वागले. आत्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. "आत्या, तुमी बसा." दिवसातून पन्नास वेळा माझ्या तोंडात हेच. त्या झाडू घ्यायला गेल्या की मी काढून घ्यायचे. बाया म्हणायच्या, सून मिळावी तर ज्योत्स्नासारखी. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

चार वर्षांत आत्यांच्या पिंढऱ्या वाळून गेल्या. बाजेवरून उठायला माझा हात लागायचा. मला वाटलं, वय झालं.

मग गेल्या साली बुद्धपौर्णिमेला विहारात ते झालं. आत्या पुढं सतरंजीवर बसल्या होत्या. त्रिशरण-पंचशीलासाठी सगळे उभे राहिले. आत्यांनी दोनदा रेटा दिला, उठणं झालंच नाही. विहाराचा कारभार बघणारे गंगारामतात्या माईकवरूनच म्हणाले, "अरं, म्हातारीला उचला कुणीतरी." दोन पोरांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. पदर सुटला. मी गरोदर, बायांच्या रांगेत मागं. पोहोचेपर्यंत सगळ्यांचं बघून झालं होतं.

त्यानंतर त्या विहारात गेल्याच नाहीत. विचारलं की "पाय दुखत्यात." सुयशच्या वेळची बाळंतीण होते मी. एकदा त्या मला शेक देत होत्या. शेकता शेकता म्हणाल्या, "पोत्यावानी उचललं गं मला. दीक्षा घेतली तवा माझी मी उभी राहिले व्हते. चोवीस वर्साची. दोन्ही हात जोडून. आन् आता दोघांनी उचललं." मी तोंड भिंतीकडं फिरवलं.

मालक म्हणाले, बारामतीला नेऊन ताकदीचं सलाईन लावून आण. सुयशला पाठीशी बांधून मी आत्यांना एसटीनं घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पाटीवर नाव डॉ. दिपाली. त्यांनी आत्यांना खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. आत्या निम्म्यातून परत बसल्या.

"सलाईन लावा की," आत्या म्हणाल्या.

"सलाईन म्हंजी मिठाचं पाणी, आजी. त्यानं ताकद येत असती तर मी रोज लावून घेतलं असतं." मग त्या माझ्याकडं वळल्या. "हाडं चांगली आहेत. मांस झडलंय. वयानं थोडं झडतंच, पण वापरलं नाही की भराभरा झडतं. घरी काय काम करतात?"

"काही नाही," मी अभिमानानं सांगितलं. "मी करूच देत नाही."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. त्या बघण्यातच मला कळलं.

"औषध एकच. वजन उचलायचं. थोडं थोडं, वाढवत."

आत्या हसल्या. "वझं? ते तर जन्मभर उचललं की बाई."

"म्हणून तर आजवर चाललात." डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "मी निरवांगीची. आमचा बिरूआबा मेंढरं राखायचा. म्हणायचा, कोकरू जन्मल्यापासनं रोज उचला, त्याचा मेंढा झाला तरी उचलता येतोय. कोकरू वाढतंय तसं अंगबी वाढतंय."

आत्यांनी माझ्या पाठीवरच्या सुयशकडं बघितलं. "कोकरू तर हाय की आमच्या घरात."

"त्याला नका उचलू लगेच, पडाल दोघंबी! त्याच्या वजनाची पिशवी करा."

एक दिवस आड. छातीशी पिशवी धरायची, खुर्चीतून दहा वेळा उठायचं, बसायचं. पायाला वाळूची पट्टी बांधून पाय वर. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, नाही गेले तर वजन वाढवायचं. सांध्यात टोचलं तर थांबायचं. रोज एक अंडं, वाटीभर मोड आलेली मटकी, दूध. मी सगळं एसटीच्या तिकिटामागं लिहून घेतलं. जागा पुरेना म्हणून उरलेलं तळहातावर.

आत्यांनी जुन्या लुगड्याच्या काठाची पिशवी स्वतः शिवली, दुहेरी टाक्यांची. पहिल्या दिवशी त्यात एक किलो वाळू. चौथ्या वेळेला त्यांच्या मांड्या थरथरायला लागल्या. माझा हात आपोआप पुढं गेला आणि तोंडून निघालं, "आत्या, तुमी बसा."

"बसतेच हाय की, आन् उठतेबी हाय. तू मोज."

मालकांना आम्ही सांगितलं नाही. टॉनिक दिलंय म्हणून सांगितलं. ते आठच्या गाडीनं गेले की सुयशला अंघोळ, दूध. तो झोपला की आत्यांच्या दहा उठाबशा. त्याच वेळात मला धुणं आटपायचं असायचं, तरी मी उंबऱ्यात बसून मोजायचे. हळू बोलावं लागायचं. पोरगं जागं झालं की आमची दोघींची तालीम बंद.

म्हाळसाबाईंनी आत्यांसाठी एक जादा कार्ड काढलं. लहान मुलांचंच, हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचं. "सहा वर्षांखालचं म्हणून लावते तुमाला," म्हणाल्या आणि नावाच्या जागी ताईबाई लिहिलं. पोराची रेघ वर चढत होती, आत्यांची खालून. दोन किलो, अडीच, तीन, साडेतीन.

जानेवारीत ऑफिस एक दिवस लवकर सुटलं. मालक दुपारी दारात उभे. आत्या छातीशी चार किलोची पिशवी धरून खुर्चीतून उठत होत्या. मी "सात" म्हणाले आणि पुढचा आकडा राहूनच गेला.

"हे काय चाललंय?" ते माझ्याकडं बघून बोलले. "माझ्या आईला वझं उचलाय लावतीस? तुझ्याकडनं ही अपेक्षा नव्हती."

"डॉक्टरांनीच..."

"डॉक्टरांच्या आईनं वाहिलाय का मुरूम?" त्यांनी पिशवी घेतली, अंगणात उंबऱ्यापुढंच पालथी केली. वाळू भसकन पडली. त्यांनी ती दोनदा झटकली, शेवटचा कण पडेपर्यंत. चुंबळ जाळली तेव्हाही असेच दिसले असतील, असं माझ्या मनात आलं.

आत्या त्यांच्या मागोमाग निघाल्या. अंगणात गेल्या. कडेच्या दगडाला हात टेकवत खाली बसल्या, जमिनीवर. वाळू ओंजळीनं पिशवीत भरली, शेवटची चिमूट पदरानं झाडून घेतली. मग कुशीवर वळल्या, एक गुडघा टेकला, दुसरं पाऊल रोवलं, उंबऱ्याला धरलं आणि उठल्या. डोलल्या थोड्या. पण उठल्या. पिशवी काखेत होती.

मालक जागीच उभे होते. वर्षभरात त्यांनी आईला जमिनीवर बसलेलं बघितलं नव्हतं.

"ती वझी लोकांची व्हती," आत्या म्हणाल्या. "उचललं न्हाय तर चूल पेटत न्हवती. मुकादम वरडायचा. हे वझं माझं हाय. नको वाटलं तर खाली ठिवते, कोण वरडतंय?"

"पण आई, मी तुला..."

"व्हय, तू सुखात ठिवलंस. दोघांनीबी ठिवलं. बसवून बसवून माझं पायच गेलं की रं." त्यांनी पिशवीचं तोंड आवळलं. "आज उंबरा धरून उठले. विहाराच्या मधी उंबरा न्हाय. अजून चार म्हैनं हायत. मधी येऊ नगंस."

मालक त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकलवरून घमेलंभर वाळू घेऊन आले. नीरा नदीची, चाळलेली, धुतलेली. ओट्यावर ठेवली, "त्या वाळूत खडं हायत, टोचत्यात," एवढं बोलून हातपाय धुवायला गेले. आत्यांनी मला डोळा घातला.

सगळं सरळ वर गेलं असं नाही. मार्चमध्ये आत्यांचा गुडघा सुजला. त्यांनीच घाई केली होती, एका दिवसात किलोभर वाढवलं होतं. आठ दिवस बंद, मग परत पाच किलोपासून. म्हाळसाबाईंनी कार्डावर रेघ खाली आणली तेव्हा आत्या तोंड फिरवून बसल्या. मी म्हणाले, "सुयशचंबी दात येताना वजन उतरलं होतं."

"मला कुठं दात येणार हायत?" पण हसल्या. आणि पुढच्या खेपेला वाढवलं ते पावशेरानंच.

मेच्या पाच तारखेला सुयश आठ किलो दोनशे भरला. पिशवी आठ भरली. आत्यांनी कनवटीची पुडी सोडली आणि काट्याला लटकलेल्या पिशवीत चिमटीचिमटीनं वाळू टाकायला लागल्या. काटा सरकला, सरकला, दोनशेवर आला.

"ही चोरी हाय, आजी!" म्हाळसाबाई ओरडल्या.

"चोरी कशाची? उचलणार मीच हाय." आणि त्यांनी ती पिशवी काट्यावरून स्वतः उतरवून घेतली. मी सुयशला कडेवर घेतलं, त्यांनी पिशवी. दोघी तशाच घरी आलो.

बुद्धपौर्णिमेला आत्यांनी पांढरं पातळ नेसलं. विहाराच्या दारातच गंगारामतात्यांनी प्लास्टिकची खुर्ची पुढं सरकवली.

"ताईबाई, या. खास तुमच्यासाठी ठिवलीया. गेल्या साली लई हाल झालं तुमचं."

"हाल माझं न्हाय, उचलणाऱ्या पोरांचं झालं," आत्या म्हणाल्या. "खुर्ची तुमीच घ्या, तात्या. पंच्याहत्तरीला टेकलात."

आणि त्या जाऊन बसल्या. सतरंजीवर, मधोमध. भिंत नाही, खांब नाही, उंबरा नाही. मी या खेपेला शेजारीच बसले, मांडीवर सुयश. मालक पुरुषांच्या रांगेत कडेला. त्यांचं लक्ष मूर्तीकडं नव्हतं.

तात्या माईकवर आले. "सर्वांनी त्रिशरण-पंचशीलासाठी उभं राहावं."

सगळीकडं साड्यांची सळसळ झाली. मी सुयशला सावरत उठले. पुढं उभी असलेली दोन पोरं आत्यांकडं वळली. मालक रांगेतून एक पाऊल पुढं आले, हात निम्मा उचललेला. मग त्यांनी तो हात परत घेतला आणि पाठीमागं धरून ठेवला.

आत्या कुशीवर वळल्या. गुडघा. पाऊल. तळहात स्वतःच्याच मांडीवर. क्षणभर तिथंच राहिल्या. मी ओठांत म्हणाले, "सात." का कोण जाणे, तेच तोंडात आलं.

त्या उठल्या.

पदर जागच्या जागी होता. दोन्ही हात जोडलेले. त्या सरळ उभ्या राहिल्या तेव्हा मला प्रथमच दिसलं की त्या माझ्यापेक्षा उंच आहेत. तात्या माईकसमोर थांबलेच होते. मग त्यांनी सुरुवात केली. आत्यांचा आवाज सगळ्यांत वर होता.

कार्यक्रम संपल्यावर बाया त्यांच्याभोवती जमल्या. काय खाल्लं, कुठलं औषध, कुठला डॉक्टर. आत्या पिशवी कशी शिवायची ते हातवारे करून सांगत होत्या. दुहेरी टाका घाला म्हणाल्या, नाहीतर वाळू गळती. सुयश माझ्या खांद्यावर पेंगला होता.

निघताना मालक आईजवळ आले. डोळे लाल. "आई, चप्पल आणून देऊ? हात धर माझा."

आत्यांनी माझ्या खांद्यावरून सुयशला अलगद काढून स्वतःच्या कडेवर घेतलं. त्याला कडेवर घेऊन घरापर्यंत त्या अजून कधी चालल्या नव्हत्या. घेताना त्यांनी ओठ घट्ट मिटले, एकदा वजन तोललं, पिशवी तोलायच्या तसंच.

"आठ किलो दोनशे," त्या म्हणाल्या. "माझी मी नेते. तुला उचलायचंच असंल तर त्या सतरंज्या उचल."

मालक खाली वाकले आणि सतरंज्यांच्या घड्या घालायला लागले. माझे दोन्ही हात बऱ्याच महिन्यांनी रिकामे होते. मी आत्यांच्या मागं चालले, त्यांच्या चालीनं.