पाहुण्यांचे बूट

पाहुणा हा देव असतो, ही आमच्या ऑस्ट्रियातल्या तिरोलच्या डोंगरातली शेकडो वर्षांची श्रद्धा आहे. घरातल्या खोल्या भाड्याने द्यायला लागल्यापासून ती आणखीच दृढ झाली.

माझी बहीण बुर्गी हे व्रत कडक पाळते. तिच्या घरात स्कीचे बूट गरम हवेवर वाळवायची मांडणी आहे आणि त्या मांडणीवर बसायचा मान फक्त पाहुण्यांच्या बुटांना. तिचा नवरा गेबहार्ट, त्याचे बूट गोठ्यात.

गावच्या स्की-शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी त्याने विनवणी केली. "आज तरी माझे बूट आत घे. गेल्या वर्षी बोटं बधिर झाली म्हणून हरलो मी."

"पाहुणे इंटरनेटवर तक्रार लिहितात," बुर्गी म्हणाली. "तू लिहितोस का?"

सकाळी उणे अठरा होतं. बूट दगड झाले होते. गेबहार्टने तोडगा म्हणून लोकरी मोज्यांचे तीन जोड चढवले आणि बूट कसेबसे आवळले.

"अरे, पाय इतका आवळला की रक्त फिरत नाही. बोटं जास्तच गारठतील," मी म्हटलं.

"तू आपला शाळेत शिकव, मेहुण्या."

शर्यतीत दुसऱ्याच वळणावर पायाखाली स्की आहे की नाही हेच त्याला कळेना. तो सरळ पंचांच्या तंबूत घुसला. तिथे निदान शेगडी होती.

घरी कोमट पाण्यात पाय बुडवून त्याने विचारलं, "पाहुण्यांना तरी मजा आली ना?"

"ते गेलेच नाहीत," बुर्गी म्हणाली. "बाहेर फार थंडी आहे म्हणाले."