उस्तादांच्या पिशव्या

हियामने पिशवीवर पुन्हा ब्लीच ओतलं आणि ब्रश घेऊन नवऱ्याचं कपाळ जोर लावून घासायला सुरुवात केली. शाई हलेना. मिशीचा काठ तेवढा करडा झाला. डोळे फोटो काढताना होते तसेच राहिले, किंचित हसरे, समोरच्यावर विश्वास टाकणारे. चेहऱ्याखाली ठळक अक्षरं होती : 'मी इथेच आहे.'

बाहेर खुर्ची सरकली. तिने पिशवी बादलीत दाबली आणि वर टॉवेल टाकला.

"हियाम, काय चाललंय एवढा वेळ?"

"पडदे भिजवलेत."

"परवाच धुतलेस की पडदे."

तिने नळ मोठा सोडला. जरा वेळाने नवऱ्याच्या सपाता फरफटत परत खिडकीकडे गेल्या.

त्या खिडकीतून साल्ट गावाची उतरंड दिसायची. पिवळ्या दगडांची घरं, त्यांच्यामधून खाली उतरणाऱ्या पायऱ्या आणि तळाशी हम्माम गल्लीतला बाजार. जादल्लाह निवडणूक हरल्यापासून त्या खिडकीपाशी बसून होता. मशिदीत जाणंही सोडलं होतं. घरातच नमाज पढायचा. आधी लोक भेटायला येत. त्याला बरं नाही असं हियाम दारातूनच सांगायची. मग लोक यायचे थांबले.

सगळा जन्म त्याने मुलांच्या शाळेत भूगोल शिकवला होता. बाजारातल्या निम्म्या दुकानदारांनी त्याच्या छड्या खाल्ल्या होत्या, अजूनही ते त्याला उस्ताद म्हणत. निवृत्त झाल्यावर घराण्यातले वडीलधारे येऊन बसले, कॉफी प्याले, म्हणाले, नगरपालिकेत आपला माणूस हवा, आणि तो माणूस तू. त्याने मांडव घातला. आल्यागेल्याला गरम, पाकातला गोड कुनाफा खिलवला. मतदानाच्या आदल्या दिवशी त्याच वडीलधाऱ्यांनी दुसऱ्या एका चुलतभावाच्या नावावर एकमत केलं आणि हे जादल्लाहला सांगायला कुणीच आलं नाही. तो त्यांच्यासाठी संध्याकाळपर्यंत किटलीतली कॉफी गरम ठेवत होता.

प्रचाराला कापडी पिशव्या ही हियामची अट होती. मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. दर निवडणुकीनंतर वाडीतल्या ऑलिव्हच्या फांद्यांना अडकलेली प्लॅस्टिकची निशाणं, फलकांच्या चिंध्या, फुग्यांचे तुकडे ती मुलींना घेऊन वेचत असे. जादल्लाह उभा राहायचं म्हणाला तेव्हा तिने साफ सांगितलं, "प्लॅस्टिकची एक वस्तू वाटलीत तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही." स्वतः अम्मानच्या छापखान्यात जाऊन तिने कापड निवडलं होतं. जाड सुती, दुहेरी तळ, धुतली तरी न जाणारी शाई. बंद ओढून ओढून पाहिले होते. एकदा दिली की बाईने दहा वर्षं वापरली पाहिजे, असं ती छापखानेवाल्याला म्हणाली होती.

आणि बायका वापरत होत्या. दुसऱ्या उमेदवारांची पेनं, लायटर, झेंडे पंधरवड्यात कचऱ्यात गेले. हरलेल्यांपैकी एकटा जादल्लाह गावात उरला होता.

निकालानंतर तो एकदाच बाजारात गेला होता. बटाट्यांच्या वजनाने त्याचा चेहरा एका बाजूला ओघळला होता. कुणाच्या तरी हातात तोच चेहरा, आणि डोक्यातून कांद्याची पात वर आलेली. खाटकाच्या दारात एका पिशवीला कलेजीचं रक्त लागलं होतं, नेमकं गालावर. भाजीवाला अबू सनद बोलता बोलता कुणाला तरी म्हणाला, "उस्ताद म्हणतायत इथेच आहे, मग मांडव कुठे गेला रे?" लोक हसले. जादल्लाह त्याच्यामागेच उभा होता. अबू सनदने वळून पाहिलं आणि त्याच्या हातातली काकडी खाली पडली. जादल्लाह काही न घेता पायऱ्या चढून घरी आला.

ब्लीच चालेना तेव्हा हियामने पाहुण्यांच्या खोलीतले जुने पडदे फाडले आणि पिशव्या शिवायला बसली. सकाळी तो डुलकी घेई तेव्हा ती दारोदार जायची. नवी पिशवी घ्या, जुनी द्या. काहींनी काही न विचारता दिली. पायऱ्यांच्या वळणावर राहणाऱ्या म्हाताऱ्या उम्म राजीने मात्र पडद्याचं कापड बोटांत चोळून परत केलं.

"हे फुलाफुलाचं घेऊन मी बाजारात जाऊ? तळाला अस्तरसुद्धा नाही. टरबूज घातलं की गेलं."

"अस्तर लावून देते, खाला."

"पण का? उस्तादांची पिशवी दणकट आहे. तूच दिलीस ना? तेव्हा तर माझ्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी हिसकावून घेतलीस आणि भाषण दिलंस मला. आता ही पण चालत नाही होय गं तुला?"

हियामने पडद्याची पिशवी घडी करून काखेत मारली.

गोळा केलेल्या पिशव्या तिने पलंगाखाली सारल्या. जाळायला हात होईना, फेकायला तर मुळीच नाही. थंडी वाढली तेव्हा जादल्लाह जादा रजई शोधायला वाकला. ती स्वयंपाकघरातून आली तर तो जमिनीवर बसलेला, आणि भोवती त्याचेच चेहरे पसरलेले. काही हसरे, काही ब्लीचने आंधळे झालेले.

"मला गोळा करतेस?" तो म्हणाला.

ती दारातच थांबली.

"वास येत होता मला. पडदे म्हणे." त्याने एक पिशवी उचलली आणि दोन्ही हातांनी ओढली. बंद तुटला नाही. "प्लॅस्टिकच्या घेतल्या असत्या तर एव्हाना वाऱ्याने नेलं असतं मला, हियाम. सुटलो असतो."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर तिने भांडून घेतलं असतं. तिने खाली बसून एकेक पिशवी घडी केली आणि पुन्हा पलंगाखाली ठेवली, कारण ठेवायला दुसरी जागा नव्हती. रात्री त्या चेहऱ्यांच्या वर ती दोघं पाठीला पाठ लावून झोपली. नंतरही तशीच झोपत राहिली.

बदामाला फुलं आली तेव्हा एका सकाळी हियाम बाजारातून घाईने वर आली. तिला धाप लागली होती.

"अहो, एकही दिसली नाही."

"काय?"

"पिशवी. सगळ्यांच्या हातात कोऱ्या, पांढऱ्या. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. नसेल टिकली शाई. किंवा कंटाळल्या असतील बायका."

जादल्लाहने उठून दाढी केली. कोट घातला, तो आता खांद्यांवर सैल झाला होता. पायऱ्या उतरताना त्याने भिंतीला हात लावून ठेवला होता. ती एक पायरी मागे चालत होती.

"अह्लन, उस्ताद! उस्ताद आले!" अबू सनद आपल्या गाड्यामागून ओरडला. गरजेपेक्षा फारच मोठ्याने.

जादल्लाहने मान हलवली. तो काकड्या चाचपू लागला. हियाम मात्र गल्लीत पाहत होती. अबू सनदच्या आरोळीसरशी पुढच्या दुकानापासून थेट हम्मामाच्या कमानीपर्यंत बायकांचे हात हलले होते. कुणी पिशवी मांडीशी वळवली, कुणी कोपऱ्यावरून शाल ओढली. आणि ज्या कोऱ्या होत्या, त्यांच्या कडांना आतल्या शिवणीचे धागे लोंबत होते. तिला सकाळचं सगळं आता कळलं. सकाळीही अबू सनदने अशीच हाक मारली होती, तिच्या नावाने.

"चला," ती पुटपुटली, "मला बरं वाटत नाहीये, घरी जाऊ."

"आत्ताच तर आलो."

तेवढ्यात उम्म राजी नात सिवारला घेऊन समोरून आली. सिवारच्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीवरून जादल्लाह समोर बघून हसत होता.

"फिरव गं, फिरव! उस्ताद आहेत ना!" म्हातारी कुजबुजली. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे तिची कुजबूज अख्ख्या गल्लीने ऐकली.

मुलगी गोंधळली. पिशवी उलटी करायला गेली आणि लिंबं रस्त्यावर घरंगळली. उचलायला कुणी पुढे झालं नाही. अबू सनद तराजूकडे बघत राहिला.

जादल्लाह उभ्या उभ्या सगळ्यांच्या हातांकडे पाहत गेला. एकेका हाताकडे. मग तो गुडघ्यावर बसला आणि लिंबं गोळा करू लागला. सिवारच्या हातून त्याने पिशवी घेतली, सुलटी केली, आणि आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. धागे सुटत चालले होते.

"कधीपासून उलटी धरतेस, खाला?"

उम्म राजीने हियामकडे पाहिलं. "थंडी सरल्यापासून. अबू सनद म्हणाला, उस्तादांच्या जिवाला लागतं."

"उलटी धरली की शिवण घासते. वर्षभरात उसवेल." त्याने बंद ओढून पाहिला. "दहा वर्षं चालायला हवी ही. हियामबाईंनी ओढून पाहिलीय."

त्याने लिंबं आत टाकली आणि पिशवी मुलीच्या खांद्याला अडकवली, चेहरा बाहेर करून.

"फोटोत तुम्ही जाड होता," सिवार म्हणाली.

"हो. कुनाफा फार झाला होता."

हसावं की नाही हे कुणाला कळेना. अबू सनदने काकड्या कागदात गुंडाळून पुढे केल्या आणि पैसे नकोत म्हणाला. जादल्लाहने पैसे गाड्यावर ठेवले. मग तो पुढे बेकरीकडे निघाला. तिथे खुब्झ रोट्यांचा ताजा घाणा निघत होता आणि गर्दी होती. त्याला पाहून दोघातिघांनी बाजूला होऊन वाट दिली. तो सरळ त्या वाटेने पुढे गेला आणि त्याने आत हात घातला.

भट्टीवरच्या घामाघूम माणसाने मान वर न करताच म्हटलं, "ओ भाऊ, रांग दिसत नाही का? मागे जा."

हियामने त्याच्या कोटाची बाही पकडली.

जादल्लाहने हात मागे घेतला. वळून तो गर्दीच्या शेवटी जाऊन उभा राहिला आणि पुढच्या माणसाला विचारलं, "शेवटचे तुम्हीच ना?"