कड्यावरच्या दुर्बिणीचा मोतीबिंदू

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. रत्नागिरीच्या समुद्रकड्यावर तीन पायांवर उभी असते. पूर्वी मी एका बोटीवर होते. बोट भंगारात गेली आणि कड्यावर पैसे घेऊन समुद्र दाखवणाऱ्या महिपतने मला उचललं. तेव्हा माझी नजर अशी होती, की खाडीपलीकडे भाट्याच्या सड्यावर, त्या कातळमाळावर, चरणारी म्हैस शेपटी कुठल्या बाजूला हलवते तेही दिसावं. माणसं वाकून बघत आणि उठताना मला थोपटत.

महिपतने माझा मान ठेवला. दर दसऱ्याला झेंडूची माळ घातली, हळद-कुंकू लावलं. तेही थेट काचेवर, कारण दुर्बिणीचं कपाळ कुठलं ते त्याला कळेना. पावसाळ्यात मला प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं. आतली ओल आतच राहिली आणि भिंगांवर बुरशी चढली. पूजा दरवर्षी झाली. पुसणं तेवढं राहिलं.

आता माझ्यातून नुसतं पांढरं दिसतं. धंद्याचं मात्र काही अडलं नाही. महिपत ओरडतो, "डॉल्फिन बघा, डॉल्फिन!" आणि पैसे देऊन वाकलेला माणूस डॉल्फिन बघितल्याशिवाय उठत नाही.

गेल्या नाताळच्या सुट्टीत गोपाळकृष्ण मास्तर आले. रत्नागिरीचा माणूस पाहुणे आल्याशिवाय कड्यावर फिरकत नाही. पाहुणे म्हणजे मुंबईहून आलेला मुलगा उन्मेष आणि सून सावनी. मास्तरांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, दुसऱ्याचा काढायचा होता. पलीकडच्या सड्यावर त्यांच्या दिवंगत पत्नीने, हेमाताईंनी, लावलेलं हापूसचं कलम आहे. गुडघ्यांनी मास्तरांचं तिथवर जाणं बंद केलं. यंदा त्याला मोहोर आलाय का, एवढंच त्यांना नव्या डोळ्याने बघायचं होतं.

आधी उन्मेष वाकला. "अरे वा! दोन आहेत डॉल्फिन!"

मग सावनी. "अण्णा, तुमचं कलमही दिसतंय! मोहोराने नुसतं भरलंय हो."

मास्तरांनी टोपी काढली आणि नवा डोळा माझ्या डोळ्याला लावला. ते उठेनात. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, डॉल्फिन घरी नेताय काय?"

"दिसलं ना, अण्णा?" उन्मेषने विचारलं.

"छे रे. सगळं पांढरं."

"नीट बघा ना."

"नीटच बघतोय. तुम्हां दोघांना दिसतंय, म्हणजे खोट माझ्याच डोळ्यात. दुसरा राहू दे आता तसाच. कशाला उगाच चिराचीर?"

सावनीने तोंड उघडलं आणि उन्मेषकडे पाहिलं. उन्मेषने बुटांकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं, तर दोन्ही डॉल्फिन परत द्यावे लागले असते. मग त्यांनी मास्तरांना मध्ये उभं करून समुद्रासमोर फोटो काढला. मास्तरांनी सड्याच्या दिशेने एकदा मान वळवली, टोपी घातली आणि सावकाश गाडीकडे गेले.

मोतीबिंदू माझ्या डोळ्यात होता, मित्रांनो. पण मला बोलता येत नाही. दाखवता येत होतं, तेही गेलं.

म्हणून एवढंच मागते. मला हार घालू नका, माझी काच पुसा. आणि माझ्यातून काही दिसलं नाही, तर मोठ्याने सांगा, "काही दिसत नाही." तुमच्या मागे रांगेत एखादे मास्तर उभे असतात.