बरणीतली उत्तरेची माती

मित्रांनो, मी एक जुना मातीचा गोळा आहे. जुना म्हणजे तुमच्या पणजोबांच्या पणजोबांहूनही जुना! उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रकाठी मी हजारो वर्षे गोठून पडलो होतो. त्या काळचे गवत आणि मुळे अजून माझ्या पोटात आहेत. थंडीमुळे ती कधी कुजलीच नाहीत. गप्प राहणे हेच माझे काम होते आणि ते मी चोख केले.

मग थंडी कमी झाली, समुद्र वर चढला आणि आमचा काठ ढासळू लागला. संशोधकांनी मला आणि शेजारच्या गोळ्याला, म्हणजे माझ्या भावाला, खणून काढले. आम्ही मेलबर्नच्या एका प्रयोगशाळेतल्या फ्रीझरमध्ये आलो. तिथली संशोधक तेजश्री आम्हाला जिवापाड जपत असे. खारे पाणी शिरले की आमच्यासारखी माती किती वायू सोडते, हे तिला मोजायचे होते. हा वायू हवेत मिसळून पृथ्वीला आणखी तापवतो.

पहिली पाळी माझ्या भावाची आली. तेजश्रीचा नवरा हृषीकेश समुद्राचे पाणी घेऊन आला. भाऊ बरणीत वितळला आणि वायूचे आकडे भलतेच चढले.

"तू पाणी कशात आणलंस?" तेजश्रीने विचारले.

"श्रीखंडाच्या डब्यात. बाटली घरीच राहिली. पण धुतला होता गं मी!"

"अरे, त्यातलं उरलंसुरलं खाऊन जंतू माजले! सगळा एक्स्परिमेंट वाया गेला."

तुम्हा मराठी लोकांना श्रीखंडाचा डबा टाकवत नाही, हे मान्य. पण माझा भाऊ फुकट गेला, याचे मला फार वाईट वाटले. आमचा काठही तोवर समुद्राने गिळला होता. आता मी एकटाच उरलो.

या वेळी तेजश्री स्वतः काचेची बाटली घेऊन समुद्रावर गेली. परत येऊन तिने मला बरणीत ठेवले, तेव्हा तिची मुलगी मयूरा माझ्याकडे पाहत म्हणाली, "ममा, प्लीज डोन्ट मेल्ट हिम. ही इज द लास्ट वन."

तेजश्रीचा हात थांबला.

"वितळल्याशिवाय तो सांगणार कसा गं?" ती हळूच म्हणाली आणि तिने पाणी ओतले.

मित्रांनो, तेच मी आता सांगत आहे. खारे पाणी अंगात भिनले आहे, जुने गवत कुजू लागले आहे आणि वायूचा एकेक बुडबुडा वर जात आहे. माझ्या बरणीला झाकण आहे. उत्तरेला माझे असंख्य भाऊबंद अजून गोठलेले आहेत, त्यांच्या किनाऱ्याला मात्र झाकण नाही. माझे ऐकलेत ना? मग पृथ्वी आणखी तापवून त्यांच्यावर बोलायची पाळी आणू नका. त्यांना गप्प राहू द्या.