रिकामं वजन

"अहो काटेवाले, उतरा की खाली! ट्रकचा काटा आहे तो!"

चालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारली आणि वर कर्णाही दाबला. एवढ्याचसाठी सगळे त्याला भोंगा म्हणत.

काटेवाला घामाने निथळत लोखंडी फलाटावर उभा होता. समोरच्या खांबावर लाल आकडा पेटला होता: ८०. त्याने मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि खाली उतरला.

कागद कारखान्याच्या फाटकाशी हा वजनकाटा. रद्दीने भरलेला ट्रक आत जाताना एकदा चढतो, माल उतरवून परत निघाला की दुसऱ्यांदा. भरलेल्या वजनातून रिकामं वजा केलं, की उरतो तो माल. दुसरं वजन होईपर्यंत नोंद यंत्रात अर्धवट पडून राहते. आणि काटा तरी कसला, तर दहाच्या पटीतच बोलणारा. माणूस पंच्याहत्तरच्या आत आला, तरच सत्तर दाखवणार. एरवी ऐंशी म्हणजे ऐंशी.

"रोज सकाळी बारा किलोमीटर धावता, मग काट्यावर चढता. कुस्तीला उतरायचंय का या वयात?" भोंग्याने विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय," काटेवाला म्हणाला. हे खरं होतं, पण अर्धंच.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्याचा एक जिना चढताना त्याची छाती भात्यासारखी चालली होती. वजन ब्याण्णव, साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, "आत्ता तुम्ही धावा, नाहीतर उद्या तुमच्यासाठी दुसऱ्यांना धावावं लागेल." दुसरं कोण धावणार होतं? बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरी येऊन कुलूप उघडायचं, भात टाकायचा आणि पातेल्यातच जेवायचं. एका माणसासाठी ताट कशाला विसळा?

पहिल्या दिवशी तो विजेच्या तिसऱ्या खांबापर्यंत धावला आणि खांबाला मिठी मारून उभा राहिला. गल्लीतली कुत्री मागे लागली, शेजारी हसले. "नव्याचे नऊ दिवस," शेजारीण म्हणाली. पण दहावाही दिवस उजाडला. खांबाचा पूल झाला, पुलाचा कारखाना झाला. साखर उतरली, जिना सोपा झाला. हे सांगावं असं मात्र कोणी नव्हतं. थोरल्या ताईचा महिन्यातून एकदा फोन यायचा, तिला त्याने एकदा सांगून पाहिलं.

"अरे, पण एवढा आटापिटा कोणासाठी?" ताईने विचारलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तरी त्यानंतर त्याने फोनवर धावण्याचं नाव काढलं नाही.

आणि मग या महिन्याच्या सुरुवातीला मालकांनी सांगितलं, "एकतीस तारखेला नवं यंत्र येतंय. जुन्यातल्या अर्धवट नोंदी मिटवून टाका. ती एक कुठली हो, एकोणीस वर्षं लोंबकळतेय?"

ती नोंद त्याला तोंडपाठ होती. नोकरीचा पहिलाच आठवडा, लग्नाचं पहिलंच वर्ष. बायको डबा घेऊन आली आणि फलाट बघून हटूनच बसली. "अहो, आपल्यालाही मोजा की!" तेव्हाच्या वॉचमनने कळ दाबली. दोघं मिळून एकशेवीस. गाडी नंबरच्या जागी तिने 'आमची गाडी' लिहायला लावलं, आणि पावतीवर चालकाच्या रेघेवर स्वतःच सही ठोकली. "गाडी मीच चालवणार आहे," म्हणाली. ती उतरणार आणि त्याचं एकट्याचं वजन होणार, तेवढ्यात मागून ट्रकचा कर्णा वाजला. "राहू द्या हो, रिकामं नंतर करू!" असं म्हणत ती हसत पळाली. ते नंतर राहूनच गेलं.

"शून्य टाका आणि पुसून टाका," मालक म्हणाले.

शून्य कसं टाकणार? आणि आजचं ऐंशी तरी कसं टाकायचं? एकशेवीसातून ऐंशी गेले तर चाळीस उरतात. चाळीस किलोची होती का ती? चांगली अंगाने भरलेली, पन्नास किलोची बाई. त्याचं तेव्हाचं सत्तर वजन आलं, तरच तिचं खरं वजन कागदावर उतरणार होतं. हाताने सत्तर लिहिता आलं असतं, पण काट्याने न दाखवलेलं वजन त्याने आजवर कधी लिहिलं नव्हतं. तिची कुठली वस्तू त्याने जपली नव्हती, लुगडीसुद्धा ताईने वाटून टाकली होती. निदान एवढं तरी चुकीचं राहू नये, असं त्याला फार फार वाटलं.

महिनाभर आकडा ऐंशीवर अडून बसला. एकतीस तारखेला तो रोजच्यापेक्षा लवकर निघाला, पुलाला जादा वळसा घातला आणि फाटकाशी पोहोचला. नवं यंत्र खोक्यात बांधलेलं दाराशी येऊन पडलं होतं. तो फलाटावर चढला. आकडा ८० झाला, लुकलुकला आणि ७० वर थांबला.

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. काट्यावर उभं राहायचं आणि आत काट्याच्या खोलीत जाऊन कळही दाबायची, हे एकट्याचं काम नव्हतं. महिनाभर तो रोज काट्यावर चढत होता आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती.

रांगेत पहिला भोंगाच होता. आज त्याने कर्णा वाजवला नव्हता.

"भाऊ, आत जाऊन एवढी हिरवी कळ दाबता का? नोंद उघडीच आहे."

काटेवाल्याचा चेहरा बघून भोंगा लगेच उतरून आत गेला. आतून छपाईची करकर ऐकू आली. मग पावती वाचत तो बाहेर आला.

"भरलेलं एकशेवीस, रिकामं सत्तर, माल पन्नास." त्याने वर पाहिलं. "काटेवाले, ही कसली गाडी? एवढासा माल कोणाचा?"

"माझाच होता," काटेवाला म्हणाला.

भोंग्याने पावती त्याच्या हातात दिली आणि उगाच टोपी काढून पुन्हा घातली.

काटेवाला आत जाऊन खुर्चीवर बसला. पडद्यावर अर्धवट नोंदींची यादी एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच रिकामी होती. त्याने हाताचा घाम सदऱ्याला पुसला आणि पावतीवर काटेवाल्याच्या रेघेवर नीट, वळणदार सही केली. शेजारची चालकाची रेघ त्याने कोरीच ठेवली.