लिंबाखालच्या आया

गारखेड्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात शनिवारची सकाळ रोजच्यासारखीच उजाडली. उमाने धपाटे थापले, दह्यात लसणाची चटणी कालवली आणि मनस्विनीच्या दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधल्या. मनू सहा वर्षांची, पहिलीतली. बूट घालता घालता तिने अगदी सहज विचारलं, "आई, तू आज लिंबाखालीच थांबणार ना? आत नाही ना येणार?"

"नाही येत," उमा म्हणाली आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला खाली बसली.

शाळेत पालकसभा होती. पालकसभेला मनूची आई म्हणून जायची ती उमा नव्हे, चारुता. चारुता म्हणजे मनूची सख्खी आत्या, उमाची मोठी नणंद, राहायला उल्कानगरीत. ऐकायला विचित्र वाटतं ना? पण घरातल्यांना त्यात काही विचित्र वाटेनासं झालं होतं, आणि खरा संताप यायला हवा तो त्याचाच.

नर्सरीच्या प्रवेशाच्या वेळी श्रीधरने, म्हणजे उमाच्या नवऱ्याने, ऑफिसात कुठून तरी ऐकलं की आईला इंग्रजी बोलता येत नसेल तर त्या इंग्रजी शाळेत मुलाला घेत नाहीत. झालं, त्याने धसका घेतला. उमा वैजापूरची. शिकली मराठी शाळेत, बी.ए. झाली तीही मराठीतून. चारुता पुण्यात नोकरी करून आलेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे, ताई जाईल," श्रीधर म्हणाला. चारुता गेली, उमा हे नाव सांगून मुलाखतीला बसली, प्रवेश घेऊन आली. घरात पेढे आले आणि ते उमानेच शेजारीपाजारी वाटले.

त्या एका दिवसाचं शेपूट मग लांबतच गेलं. मॅडमनी एकदा पाहिलेला आईचा चेहरा पुढच्या सभेला बदलणार कसा? तेव्हा स्नेहसंमेलनाला चारुता, प्रगतिपुस्तक घ्यायला चारुता, शाळेकडे आईचा म्हणून दिलेला फोन नंबरही चारुताचा. मनूला पढवून ठेवलं होतं, शाळेत आत्याला मम्मी म्हणायचं आणि आई दिसलीच तर ती मावशी. लेकरू हुशार, एकदा सांगितलेलं कधी चुकलं नाही.

आणि उमा? ती शाळेसमोरच्या रस्त्यापलीकडे, लिंबाच्या झाडाखाली उभी राहायची. घरी बसवत नव्हतं म्हणून. तिथं आणखीही तीन-चार जणी असत. कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या हातात लेकराचं स्वेटर. त्यातली पैठणकडची सरिता उमाशी बोलायची, भाजीचं, उन्हाचं, गुडघेदुखीचं. आपण इथं का उभ्या आहोत, हे मात्र कुणी कुणाला विचारत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना लाज वाटत होती.

उमा काही हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नव्हती. इंग्रजी शिकायचंच, हे तिने केव्हाच ठरवलं होतं. पण शिकायचं कुणाकडून? श्रीधरला विचारावं तर तो वैतागायचा.

एकदा तिने विचारलं, "'माय हेड इज पेनिंग' चूक का हो?"

"तसं म्हणत नाहीत."

"पण का म्हणत नाहीत?"

"म्हणत नाहीत म्हणून म्हणत नाहीत. डोकं नको खाऊस."

म्हणजे त्यालाही ठाऊक नव्हतं. उमाच्या हळूहळू लक्षात आलं, की तिच्या चुकीला हसणाऱ्या माणसांपैकी एकालाही ती चूक का आहे, हे सांगता येत नाही. चारुताच्या घरी एकदा पाहुण्यांचा निरोप घेताना, आपण 'येते हं' म्हणतो तसं, ती इंग्रजीत 'आय ॲम कमिंग' म्हणून गेली. पाहुणे हसले, चारुता सगळ्यांत जास्त हसली, आणि पुढं कितीतरी दिवस उमा दारातून बाहेर पडायला लागली की घरातलं कुणी ना कुणी 'कमिंग का?' म्हणून खिजवायचं. मनूसुद्धा. त्या पोरीचं हसू उमाला फार लागलं. तिने भांडी जोरजोरात घासली.

मग क्रांती चौकातला एक क्लास झाला. तिथले सर म्हणत, व्याकरण विचारू नका, नुसतं बोला. उमा काही बोलली की हसत आणि पुढच्या बाकाकडे वळत. तो सोडला. शेवटी त्याच चौकाच्या मागच्या गल्लीत संघपाल सरांचा वर्ग सापडला. सर तरुण होते, भीमनगरचे, आणि त्यांच्या वर्गाला एकच नियम होता, की प्रश्न विचारणाऱ्याला हसायचं नाही. पहिल्याच दिवशी उमाने मनातली सगळी अडगळ त्यांच्यापुढं ओतली. 'सिन्स' कुठं नि 'फॉर' कुठं, 'डिड' आलं की पुढं 'वेन्ट' का चालत नाही, आणि निघताना 'येते' म्हटलं तर त्यात हसण्यासारखं काय.

सर मराठीतूनच समजावत. कधीपासून ते सांगायचं असेल तर 'सिन्स', किती वेळ ते सांगायचं असेल तर 'फॉर'. 'डिड' म्हटलं की भूतकाळ सांगून झाला, पुन्हा कशाला सांगायचा? आणि निघताना 'जाते' म्हणणं आपल्याला अशुभ वाटतं, त्यांना वाटत नाही. एवढाच फरक, त्यात तुमच्या अकलेचा संबंध कुठं आला? उमाला त्या दिवशी रडूच यायचं बाकी होतं. इतकी सोपी उत्तरं होती, आणि ती कुणी दिली नव्हती.

तरीही शिकणं सोपं नव्हतं. वर्गात जमलेलं वाक्य घरी येईपर्यंत विसकटायचं. तिला स्वतःचा राग यायचा, श्रीधरचा यायचा, आणि सगळ्यांत जास्त त्या शाळेच्या फाटकाचा.

त्या पालकसभेनंतरच्या एका मंगळवारी ती संघपाल सरांच्या वर्गात असतानाच श्रीधरचा फोन आला. मनू घसरगुंडीवरून पडली होती, हनुवटी फाटली होती, टाके घालावे लागणार होते. शाळेने 'आईला' फोन लावला होता, पण चारुता पुण्याच्या पाहुण्यांना वेरूळची लेणी दाखवायला गेलेली, फोन लागत नव्हता, म्हणून मग श्रीधरला कळवलं होतं.

"मी वाळूजच्या ऑफिसातून निघतोय, पण मला वेळ लागेल," श्रीधर म्हणाला. "तू ताबडतोब जा. आणि ऐक. आई आहे म्हणून सांगू नको. मावशी म्हण. उगाच नवा घोटाळा नको."

उमा फोन ठेवून तशीच धावत बाहेर पडली. रिक्षात बसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, भैया, जल्दी चलो, बच्ची गिरी है. त्याने विचारलं, आपकी बेटी है? त्या परक्या माणसाला ती बेधडक 'हां' म्हणाली, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हे उत्तर शाळेत द्यायचं नाहीये.

कार्यालयात मनू बाकावर बसली होती. हनुवटीला रुमाल दाबलेला, रुमाल लाल झालेला, रिबीन सुटलेली. उमा आत शिरली तशी ती अर्धवट उठली, हात पुढं केले, आणि मग तिला काय आठवलं कोण जाणे, हात मागं घेतले. खुर्चीतल्या मॅडमनी इंग्रजीतून विचारलं, आपण कोण? उमा तोंड उघडणार तोच मनू म्हणाली, "शी इज अवर मावशी."

रक्त गळत असताना, दुखत असताना, आई समोर असताना त्या लेकराने पढवलेला धडा बिनचूक म्हणून दाखवला. उमाच्या मनात आलं, आपण या पोरीला काय शिकवून ठेवलं, आणि ते तिला किती छान येतं!

मॅडम म्हणाल्या, मुलीला आईवडिलांखेरीज कुणाच्या ताब्यात देता येणार नाही, वडील येईपर्यंत थांबा.

"मीच तिची आई," उमा म्हणाली. मराठीत, वैजापूरच्या हेलात, मोठ्यानं. "माझं नाव उमा. तुमच्याकडं येतात त्या तिच्या आत्या आहेत."

मॅडमनी चष्मा काढला. मग त्याही मराठीवर आल्या. "मग ही मुलगी खोटं बोलतेय का?"

"ती खोटं बोलत नाही, मॅडम. आम्ही शिकवलंय तसं बोलतेय. खोटं आमचं आहे."

मनूने भोकाड पसरलं आणि 'आई, आई' करत उमाच्या कमरेला मिठी मारली. एवढ्यावर कुणाचीही खात्री पटावी. पण मॅडमना नियम होता. त्यांनी श्रीधरला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. समोर उभ्या असलेल्या या बाई मनस्विनीच्या आई आहेत का? फोनवर रस्त्याचा आवाज येत राहिला. उमा त्या फोनकडे बघत होती. लग्नाच्या नवऱ्याला एवढ्या साध्या प्रश्नाला विचार करावा लागतोय, हे तिला कळत होतं, आणि तिला त्याची कीव आली, चीडही आली.

"हो," तो शेवटी म्हणाला. "त्याच आई आहेत."

टाके पडले, मनू झोपली. संध्याकाळी चारुता आली ती तणतणतच. मी तुमच्यासाठी एवढं केलं, त्याचं हे फळ. आता प्रवेश गेला म्हणून समजा, असं ती म्हणाली. तिचंही अगदीच खोटं नव्हतं. शाळेने निरोप पाठवला होता, पुढच्या पालकसभेला येऊन भेटा. ताईला पुन्हा पाठवू, ती बोलून मिटवेल, अशी श्रीधरने गळ घातली. ऑफिसात साहेबांपुढं इंग्रजी बोलताना माझीच बोबडी वळते, तुझं तिथं काय होईल, असंही बोलून गेला. इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच कबूल केलं होतं.

"तुमची बोबडी वळते तरी तुम्ही रोज ऑफिसला जाता ना?" उमा म्हणाली. "मग मीही जाईन. प्रवेश गेला तर दुसरी शाळा बघू. पण माझ्या पोरीला आईला मावशी म्हणायला मी यापुढं लावणार नाही."

पुढच्या पालकसभेच्या शनिवारी तिने नेहमीचीच सुती साडी नेसली. श्रीधर सोबत निघाला, अवघडून, पण निघाला. फाटकाशी मनूने तिचा पदर ओढला. हनुवटीवर टाक्यांची खूण होती.

"आई, आत तुला काय म्हणू?"

"आई म्हण."

मुख्याध्यापिकांनी इंग्रजीतून सुरुवात केली. फसवणूक, विश्वास, व्यवस्थापन, असे मोठमोठे शब्द आले. संघपाल सरांच्या वर्गात घोटलेलं एक वाक्य उमाने कसंबसं बाहेर काढलं, की कृपा करून सावकाश बोला, नाही समजलं तर मी विचारीन. ते म्हणतानाही एक शब्द घसरलाच. शेजारच्या शिक्षिकेच्या ओठावर हसू आलं. उमाने तिच्याकडे पाहिलं, ते हसू विरेपर्यंत थांबली आणि पुढचं मराठीत बोलली.

"चूक आमची आहे, शिक्षा करा. पण मला एक सांगा. आईला इंग्रजी येत नसेल तर मूल घ्यायचं नाही, असा तुमचा नियम आहे का?"

मुख्याध्यापिका जराशा अडखळल्या. "नियम असा नाही. आम्ही कधीच तसं म्हटलेलं नाही."

"मग लोक असं का समजतात? मुलाखत इंग्रजीत घेता, सभा इंग्रजीत घेता, कुणी चुकलं की हसता. नियम लिहायची गरजच काय उरली?"

प्रवेशाचं व्यवस्थापन ठरवेल, असं सांगून त्यांनी विषय आवरता घेतला. तो आजही पुरता मिटलेला नाही. बाहेर पडताना उमा मनूच्या वर्गावरून गेली. खुर्च्यांवर ओळीने आया बसल्या होत्या. एक मुलगी शेजारच्या बाईला म्हणाली, "काकू, पाणी दे ना," आणि लगेच जीभ चावून 'मम्मी' म्हणाली. त्या बाईने मान खाली घातली. आसपासच्या आणखी दोघींनीही घातली.

उमा तशीच फाटकाबाहेर आली, मनूला श्रीधरजवळ थांबवलं आणि रस्ता ओलांडून लिंबाखाली गेली. तिथं नेहमीच्या जणी उभ्या होत्या. सरिताच्या हातात लेकीचं स्वेटर होतं.

"सरिता, चला. आत चला."

"मी? नाय बाई. मला काय बी बोलता येत नाय. जाऊबाई गेल्यात आत."

"मलाही धड आलं नाही. एकजण हसलीसुद्धा. पण लेक माझी आहे, हे सांगायला मला कुणी लागलं नाही."

सरिता स्वेटराची घडी मोडत नि घालत राहिली. बाकीच्या जणी जमिनीकडे बघत होत्या. तेवढ्यात फाटकातून मनूने, शाळेच्या दारात आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं हाक मारली, "आई!"

लिंबाखालच्या सगळ्याच जणींनी माना वर केल्या.