हरकत नाही

वाडीच्या चढावर जीपचा आवाज आला तेव्हा शगुफ्ता फळ्यावर तारीख लिहीत होती. हातातला खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं तिनं तारीख पुरी केली आणि पदर सारखा करून ती दारात आली.

विंझरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या सरकारी शाळेत दोनच शिक्षक होते. मुख्याध्यापक अमृतगुरुजी आज रजा टाकून पुण्याच्या मोर्चाला गेले होते. कमी पटाच्या शाळा बाहेरच्या संस्थांना चालवायला द्यायचं घाटत होतं, त्याविरुद्ध तालुक्यातले शिक्षक निघाले होते आणि गुरुजी त्यांचे पुढारी होते. शगुफ्ता गेली नव्हती. शिक्षणसेवक म्हणून तिची तीन वर्षं भरायला दोन महिने उरले होते. ती भरली की नोकरी कायम. रोज सकाळी नसरापूरच्या घरातून निघताना वडील, हनीफभाई, एवढंच सांगत की दोन महिने कुणाच्या अध्यातमध्यात पडू नकोस.

जीपमधून विस्तार अधिकारी उतरले, त्यांच्यामागून संस्थेचे दोघं. त्या दोघांनी टेप लावून वर्ग मोजला, भिंतींना टिचक्या मारून पाहिल्या. साहेबांनी मुलं मोजली. अठरा. मग ते गुरुजींच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. मुख्याध्यापक गैरहजर. पट घटता. शाळा संस्थेकडे देण्यास पालकांची हरकत नाही.

इथं तिचं पेन थांबलं. पालकांना अजून कुणी विचारलेलं नाही, असं ती हळूच म्हणाली.

साहेबांचा आवाज चढला नाही.

"बाई, तुमचे दोन महिनेच राहिलेत ना?"

तिनं लिहिलं. सही केली. जीप उतरून गेली तरी पाढे म्हणणाऱ्या मुलांचा आवाज तिला कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटत होता. डबा तिनं उघडलाच नाही. शाळा सुटताना नातीला न्यायला आलेल्या ठकुबाईनं जीपवाले कोण होते म्हणून विचारलं. तपासणी होती, असं सांगून शगुफ्ता तिच्याकडे न बघता कुलूप लावत राहिली. संस्था आपली माणसं आणणार, मग पट कमी म्हणून ही शाळा खालच्या शाळेत मिसळणार, हे गुरुजींनीच तिला समजावलं होतं. ओढा ओलांडून पाच किलोमीटर. ठकुबाईची सोनिया सहा वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. मोर्चा कसा झाला, तिनं विचारलं. मोठा झाला, एवढं म्हणून ते हजेरी उघडून बसले. आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही, असं तिला वाटलं. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगून टाकलं. ते चिडतील म्हणून तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती.

गुरुजींनी हजेरी मिटली.

"मी गेलोच नाही, बाई," ते म्हणाले. "नसरापूरच्या फाट्यावर आमच्या गाड्या उभ्या होत्या. तिथं शिक्षण खात्याचा एकजण वहीत नावं टिपून घेत होता. मी तसाच मागं फिरलो. शिवऱ्याला बहिणीकडं जाऊन बसलो, दिवसभर."

मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी तोंडासमोर हात धरला होता. निवृत्तीला त्यांना दीड वर्ष राहिलं होतं. कालपर्यंत शगुफ्ताला एकच धीर होता, की निदान गुरुजी तरी भीत नाहीत.

मधल्या सुट्टीत ती ठकुबाईच्या घरी गेली. ठकुबाई ओट्यावर नाचणी पाखडत होती. पालकांच्या नावानं आपण काय लिहून दिलं, ते शगुफ्तानं सांगितलं. सूप थांबलं.

"आमाला कुनी इचारलं बी न्हाई," ठकुबाई म्हणाली.

"नाही विचारलं."

"मंग हरकत हाय म्हनून लिवा."

ती उठून घराघरांत सांगून आली. साळूबाई आली, शेतातून तसाच चिखलाच्या पायांनी गेनू आला, आणखी आठदहा जण जमले. ओट्यावर बसून शगुफ्तानं अर्ज लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. एकामागून एक अंगठे उमटत गेले. शेवटी ती थांबली. हे अंगठे आपल्यासमक्ष उठवले, असं लिहून खाली एका साक्षर माणसानं सही करायची होती.

"गुरुजींचं नाव टाका की," ठकुबाई म्हणाली. "त्ये कुनाला भेत न्हाईत."

शगुफ्तानं शाळेकडे पाहिलं. गुरुजी दारात उभे राहून इकडेच बघत होते.

"त्यांना नको," ती म्हणाली. "मी करते."

तिनं सही केली. ती इतकी वेडीवाकडी आली की कुणालाच वाचता आली नसती. मग उजवं मनगट डाव्या हातानं धरून तिनं खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं सुटं, पहिलीच्या मुलांना काढून देतात तसं.